डांबर आणि कापूस

ठमाबाई : वीस साल, दत्ता. दोन हजार वीस. जूनमदी वादळ झालं आनि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माजा भावेश गेला. माज्या लग्नाचं साल इचारशील तर सांगता यायचं न्हाय, पन ते साल मी मरेपर्यंत इसरनार न्हाय.

दत्ता : मी साल विचारलंच नाही, ठमाकाकी. मी विचारलं, भावेशची गाडी माझ्या दारात कशाला आणलीत.

ठमाबाई : सुचिताला पायजे. अलिबागला दवाखान्यात कामाला लागली ना ती. सुटते तवा अंधार पडलेला असतो नि रेवदंड्याची रिक्षा भरून गेलेली असते. कोन ओळखीचा दिसतो काय बघत पोरगी रस्त्यात उभी ऱ्हाते. भावाची गाडी घरात ताडपत्रीखाली सडते नि बहीन रस्त्यावर.

दत्ता : मग चौल-रेवदंड्यात गॅरेज काय माझं एकट्याचंच आहे?

ठमाबाई : बंदराजवळच्या त्या मितेशला दाखवली. मेलेल्याची गाडी, मी हात लावनार न्हाय, म्हनला. वर मलाच शिकवतो, भंगारात घाला. काल-परवा नाक पुसायला शिकला नि मला शिकवतो.

दत्ता : आणि मी हात लावीन असं वाटलं तुम्हाला. याच दारात उभं राहून काय काय बोलला होतात, आठवतं का?

ठमाबाई : शबूद न शबूद आठवतो. तुजे हात झडतील म्हनले. तुज्या वायरीनं माजा लेक खाल्ला म्हनले. समदा नाका ऐकत होता.

दत्ता : नाक्यानं नुसतं ऐकलं, कोळीवाड्यानं मनावर घेतलं. तेव्हापासून तुमच्याकडची एक गाडी माझ्याकडे आलेली नाही. पंक्चर काढायलासुद्धा नाही. तेही जाऊ दे. माझी आई वाडीतलं अळू नि केळफुलं घेऊन तुमच्या दारात यायची, तुम्ही तिच्या पिशवीत बोंबील घालायचात. मी चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय. ती गेली तेव्हा कोळीवाड्यातलं एक माणूस आलं नाही, काकी. एक.

ठमाबाई : मी निघाले होते.

दत्ता : निघाला होतात?

ठमाबाई : चपला घातल्या, उंबरा उतरले. मग अंगनातल्या त्या ताडपत्रीकडं बघितलं नि मागं फिरले. तुजी आय चांगली होती रे. तिच्या अळूला कदी खाज नसायची.

दत्ता : हे आता ऐकून मी काय करू?

ठमाबाई : काय करू नको. गाडी उघड.

दत्ता : म्हणजे दुरुस्त करू.

ठमाबाई : दुरुस्त मागनं. आदी उघड, माज्या डोळ्यांसमोर. त्या दिवशी तिन्हीसांजेला तो साळावकडनं येत होता. त्याच्या मागनं गाडीवर येनारा एक जन सांगत होता, लाइट फडफडली, फडफडली नि विझली, आनि भावेश उभ्या ट्रॅक्टरवर गेला. ती कशानं विझली ते मला बघायचंय. तुज्या हातानं विझली असली तर तसं दाव. नसली तर तसं दाव.

दत्ता : माझ्या हातानं असली तर?

ठमाबाई : तर सुचिताला गाडी द्यायची न्हाय. नि मी दिला तो तळतळाट तुज्यावर तसाच ऱ्हाईल.

दत्ता : आणि नसली तर?

ठमाबाई : तर कोळीवाड्यात दारोदार सांगीन. डोक्यावर पाटी घेऊन मासळी इकत फिरते ना, तशी सांगत फिरीन. दत्ताचा दोष न्हाय, दत्ताचा दोष न्हाय.

दत्ता : नाखवांना माहीत आहे, गाडी इथं आणलीत ते?

ठमाबाई : बोटीवर गेलेत. ते घरात असले की गाडीला कुनाला हात लावू देत न्हायत. वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं तरी जेवता जेवता उठून बांधतात. लेकाची आठवन, दुसरं काय. म्हनून ते गेले तशी मी टेम्पो बोलावला.

दत्ता : बसा त्या स्टुलावर.

ठमाबाई : मी उभीच बरी. तू कर.

दत्ता : हात लावायच्या आधी एक सांगून टाकतो, म्हणजे लपवलं असं नको. वादळात ही गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली होती. भावेशनं ढकलत आणली माझ्याकडे. मी सगळी वायरिंग खोलली, गोड्या पाण्यानं धुतली, सुकवली. पण नवे कपलर मिळेनात. लॉकडाऊन, दुकानं बंद, गावात वीज नाही, माझ्या या छपराचे पत्रे उडून समोरच्या सुपारीवर जाऊन बसलेले. मग जुनेच कपलर घासून परत बसवले.

ठमाबाई : कपलर म्हंजे?

दत्ता : हे बघा. वायरीला वायर जोडायची डबी. या अंगाला पिना, त्या अंगाला खोबण्या, एकात एक टक करून बसतात. यातून करंट जातो. खारं पाणी लागलं की पिनांवर हिरवं चढतं, तांब्याच्या लोट्यावर चढतं तसं. मग करंट अडतो. म्हणून भावेशला म्हटलं होतं, दुकानं उघडली की परत ये, नवे घालून देतो. तो आला नाही.

ठमाबाई : आला होता.

दत्ता : कधी?

ठमाबाई : गनपतीच्या आदी. लाइट फडफडायला लागली होती म्हनून आला. तुज्या गॅरेजला कुलूप होतं.

दत्ता : गणपतीच्या आधी मी उरणला होतो. इथं कामच उरलं नव्हतं, म्हणून तिकडं कंटेनरच्या ट्रेलरांवर वायरिंग करायला गेलो. पोटासाठी. मला कुणी सांगितलंच नाही तो येऊन गेला ते.

ठमाबाई : कुलूप बघून घरी आला. मग दोन-चार दिसांनी म्हनला, आये, लाइट झाली चांगली. मी समजले, तूच केलीस.

दत्ता : मी नाही केली. मी परत आलो दिवाळीला, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. खरं सांगू काकी? तुम्ही तळतळाट दिलात तेव्हा मी उलट बोललो नाही ना, ते याच्यासाठी. मलाच माहीत नव्हतं. ते जुने कपलर माझ्या डोक्यातून जात नाहीत. कुणाचीही गाडी उघडली की आधी तेच दिसतं.

ठमाबाई : मग उघड. दोगांनाबी कळू दे.

दत्ता : ही सीट काढली. हा बॅटरीकडचा जोड. काळी टेप आणि वरून पांढरा दोरा दिसतो? तो माझा. मी केलेल्या प्रत्येक जोडावर मी दोरा बांधतो. आतली तार बघा. लालसर, चकचकीत. हा ठीक आहे.

ठमाबाई : व्हय. पुढं.

दत्ता : हा फ्यूजचा. दोरा आहे, पिना साफ. हाही ठीक. आता टाकी उचलावी लागेल. हेडलाइटची वायर टाकीखालून हँडलच्या मानेकडे जाते. तिथंच ते जुने कपलर.

ठमाबाई : ह्या टाकीला धरून बसायची मी पाटी मांडीवर घेऊन. पुढं. माज्या वयाची बाई पुढं बसते, लोक हसायचे. मागं बसले तर पाटीतलं पानी त्याच्या पाठीवर गळायचं ना. पयल्यांदा अलिबागच्या बाजारात नेलं त्यानं, तवा मी डोळं मिटून घेतलेलं. म्हनला, आये, उघड, समुद्रावर न्हाय भीत नि रस्त्यावर भितेस? मी कुटं गेले होते समुद्रावर? समुद्रावर जानारे दुसरेच.

दत्ता : टॉर्च धरा जरा. इकडे, आत.

ठमाबाई : ते काळं काय हाय?

दत्ता : तेच बघतोय. हे माझं नाही. दोरा नाही, टेप नाही. लिंबाएवढा गोळा आहे, दगडासारखा घट्ट. हे... हे डांबर आहे. कुणीतरी कपलरवर कापूस गुंडाळलाय आणि वरून डांबर थापलंय.

ठमाबाई : नीट बघ.

दत्ता : नीटच बघतोय. वरचं फोडलं. आत कापसाची पिळलेली वात आहे, वेढ्यावर वेढे. पण उकलत नाही. फिरवतोय तसतशी आवळतेय.

ठमाबाई : उलटी फिरव.

दत्ता : उलटी? थांबा... हो, सुटली. तुम्हाला कसं कळलं?

ठमाबाई : दे ती वात इकडं.

दत्ता : काकी, कसं कळलं?

ठमाबाई : वास ऱ्हायलाय अजून. मुशी माशाचं तेल. बोटीच्या फळ्यांच्या फटी बुजवायला कापूस त्यात भिजवतात, पिळतात, फटीत ठोकतात नि वर डांबर देतात. पानी आत येत न्हाय. सासू सांगायची, हे ल्हान होते तवा सासरे यांच्या डाव्या हातावर फोक मारायचे. तुजा पीळ उलटा पडतो, म्हनायचे, तू केलेलं काम दुसऱ्या कुनाला उकलता यायचं न्हाय.

दत्ता : नाखवांचा हात आहे हा.

ठमाबाई : मी भरलं ते.

दत्ता : तुम्ही?

ठमाबाई : मी. तुजं गॅरेज बंद होतं. बोटीवरचं डांबर होतं घरात. मीच भरलं.

दत्ता : तुम्ही आत्ता मला विचारलंत, कपलर म्हणजे काय.

ठमाबाई : इचारलं असंल.

दत्ता : आता हा कपलर बघा. डोळे पुसा आणि बघा, तुम्हीच म्हणालात डोळ्यांसमोर उघड. ही पिन होती. आता नुसती हिरवी पूड आहे, बोटाला लागते. ही दुसरी, अर्धी उरलीय. आणि ही डबी करंट अडून तापली, वितळली. इथून गेली लाइट. इथून. माझे बाकीचे जोड साफ आहेत. मी नव्हतो, काकी. मी नव्हतो.

ठमाबाई : न्हाय. तू नव्हतास.

दत्ता : परत म्हणा.

ठमाबाई : तू नव्हतास, दत्ता. माजी चूक झाली. पन आता मी काय सांगते ते ऐक. हे समुद्रात टाकून दे. नवा डबा घाल. कुनाला बोलायचं न्हाय.

दत्ता : डोक्यावर पाटी घेऊन सांगत फिरणार होतात.

ठमाबाई : तवा मला ठावं नव्हतं. त्यांना कळलं, आपल्याच हातानं लेक गेला, तर ते बोट घेऊन जातील नि बोट एकटी परत येईल. मी त्यांच्याबरोबर जन्म काढला. मला ठावं हाय.

दत्ता : आणि मी? माझी आई जाताना मला विचारत होती, दत्ता, खरं सांग, तुझ्याकडून झालं का रे. मला नाही म्हणता आलं नाही. आता माझ्या हातात आहे ते, आणि तुम्ही म्हणता समुद्रात टाक.

ठमाबाई : उंदीर म्हन. उंदरानं वायर कुरतडली. त्यात तूबी सुटतोस, तेबी सुटतात. कोळीवाड्यात उंदरांना काय तोटा हाय? मांजरागत उंदीर हायत.

दत्ता : उंदीर.

ठमाबाई : मी सांगीन समद्यांना. दत्तानं उघडून दावली, उंदीर निघाला. तुज्या पाया पडते.

दत्ता : पाया नका पडू. उठा. उठा काकी, रस्त्याकडे बघा. नाखवा येतायत.

ठमाबाई : अगो बाय. इतक्यात?

काळूराम : टेम्पोवाला भेटला बंदरावर. ठमे, ताडपत्री कुनी सोडली?

ठमाबाई : मी. सुचितासाटी. तुमी लवकर आलात आज?

काळूराम : जाळं रिकामंच आलं. दत्ता, काय निघालं?

दत्ता : बसा, नाखवा. पाणी देऊ?

काळूराम : पानी नको. काय निघालं इचारतो.

ठमाबाई : अवो, उंदरानं...

काळूराम : तुला न्हाय इचारलं. याला बोलू दे.

दत्ता : उंदीरच, नाखवा. टाकीखाली वायर कुरतडलेली होती. उघडी तार लोखंडाला लागली, फ्यूज उडाला, लाइट गेली. कुणाचा दोष नाही. माझा नाही आणि दुसऱ्याही कुणाचा नाही.

काळूराम : उंदरानं.

दत्ता : हो.

काळूराम : उंदीर डांबराला तोंड लावत न्हाय, दत्ता.

ठमाबाई : काय बोलता तुमी?

काळूराम : पदराखालचा हात काड ठमे. लुगड्याला डाग पडला बग. डांबराचा डाग जात न्हाय.

ठमाबाई : तुमाला ठावं होतं.

काळूराम : पोलिसांकडनं गाडी सोडवून आनली त्या दिसापासनं. टाकीखाली हात घातला. डांबर वितळून परत गोठलं होतं. बोटीवर असं होत न्हाय. समजलं मला.

ठमाबाई : म्हनून ताडपत्री बांदत होतात.

काळूराम : व्हय.

ठमाबाई : मी या दारात उभी ऱ्हाऊन याला तळतळाट देत होते तवा तुमी माज्या मागं उभे होतात. माजा खांदा धरून उभे होतात.

काळूराम : व्हतो.

ठमाबाई : एक शबूद न्हाय काडला तोंडातनं.

काळूराम : काडला असता तर परत माज्याकडं बघितलं असतंस तू?

ठमाबाई : न्हाय.

काळूराम : म्हनून न्हाय काडला.

दत्ता : आणि माझ्याकडे कुणी बघायचं होतं, नाखवा? नाक्यावरून जाताना तुम्ही मान खाली घालायचात. मला वाटायचं, राग आहे. मी बाजूला व्हायचो, म्हणायचो, लेक गेलाय त्यांचा, असू दे राग.

काळूराम : राग नव्हता.

दत्ता : आत्ता कळलं ते. माझी आई गेली, तुम्हाला कळलं होतं?

काळूराम : त्या दिवशी बोट काडली न्हाय मी. घरातच बसून ऱ्हायलो.

दत्ता : घरातच बसून राहिलात. बरं केलंत.

काळूराम : शिव्या दे. त्यासाटी मी उभा हाय.

दत्ता : शिव्या देऊन माझं काय होणार? मघाशी बघत होतो ना, तुमच्या पायात वाळू आहे, धोतर ओलं आहे, तसेच पळत आलात. मला शिव्यासुद्धा येत नाहीत तोंडात. याचाच राग येतोय मला.

काळूराम : मग एक सांग. बोटीला तेच चालतं. माज्या बानं केलं, मी केलं, एक थेंब आत आला न्हाय कदी. हिला का न्हाय चाललं?

दत्ता : नाखवा, बोटीचं लाकूड पाण्यात फुगतं, कापूस फुगतो, फट मिटते. पाणी बाहेर राहतं. इथं पाणी बाहेर नव्हतंच. वादळाचा खार आधीच आत बसला होता. मी धुतला, पण सगळा निघाला नसणार. तुम्ही तो आतच कोंडलात. कापूस ओला राहिला, वर डांबर, वारा लागायला जागा नाही. आतल्या आत पिना खाल्ल्या गेल्या.

काळूराम : पन लागली होती लाइट. लख्ख लागली होती.

दत्ता : लागते. आवळून बसवलं की थोडे दिवस लागते.

काळूराम : बाबा, तू मेकॅनिक झालास, म्हनला मला. हसत होता. गाडी सुरू करून भिंतीवर उजेड पाडून दावला. मी छाती काडून बसलो.

ठमाबाई : मला का न्हाय सांगितलंत तवा?

काळूराम : तू बाजारात होतीस. नि एवड्याशा कामाचं काय सांगायचं होतं?

दत्ता : तो जुना कपलर मीच घातला होता, नाखवा. मी उरणला गेलो नसतो तर...

काळूराम : त्यातलं अर्दं तू घेऊ नको. आजवर समदं तूच घेतलंस, बास झालं. आता शिमगा येतोय. होळी लागते तवा कोळीवाड्यातलं पोरगंसुद्दा घरात ऱ्हात न्हाय, नि पयला नारळ मी टाकतो. नारळ टाकायच्या आदी सांगीन.

ठमाबाई : समद्यांपुढं? सुचितानं तोंड कसं दावायचं? बापानंच भावाला...

काळूराम : यानं ऐकलं ना इतके दिस, केलं न्हाय तरी? मी तर केलं.

ठमाबाई : तुमी बोट घेऊन कुटं जानार न्हाय. तेवडं मला सांगा.

काळूराम : जायचं असतं तर तवाच गेलो असतो. तेवडी हिंमत नव्हती. दत्ता, लाइट लावून दे. पोरीला पायजे.

दत्ता : तार मागं कापत जावी लागेल, आत चकचकीत तांबं दिसेपर्यंत. काळी तार कितीही घासली तरी धरत नाही.

काळूराम : काप. मी टॉर्च धरतो.

दत्ता : अजून काळीच आहे. अजून. खार वायरीच्या आत चढलाय, साल सोलली तरी काळं. हा... इथं बघा. इथं लाल दिसलं.

काळूराम : एवडं वर चडलं होतं.

दत्ता : आता नव्या पिना, नवा कपलर. फुटलेल्या दिव्याच्या जागी हा दुसरा, आणि बॅटरी माझ्याकडची. आत थोडं ग्रीस, पण बाहेरून बांधायचं काही नाही. पाणी आलं तर खाली गळून जाईल असं तोंड खाली ठेवायचं. गळायला वाट पाहिजे, नाखवा. हा रबर मानेपाशी, म्हणजे हँडल वळलं तरी वायर घासणार नाही. चावी द्या, काकी.

ठमाबाई : ही घे. त्याचा देवीचा बिल्ला हाय तिला, तो काडू नको.

दत्ता : लागली.

काळूराम : हलवून बग.

दत्ता : हलवतोय. हँडल या टोकाला, त्या टोकाला. बघा, हलत नाही उजेड.

काळूराम : ठमे, चल. मी ढकलतो, तू मागनं ये.

ठमाबाई : गाडी संद्याकाळी सुचिता नेईल. मी टेम्पोनं जाते.

काळूराम : मग टेम्पोनं जाऊ.

ठमाबाई : मी टेम्पोनं जाते म्हनले. तुमी चालत या.

(दोन हजार पंचवीस, गणपती होऊन गेल्यावर. तेच गॅरेज.)

दत्ता : या काकी. आज पाटी रिकामी?

ठमाबाई : रिकामी कशी? हे बोंबील ठेवले होते तुला. समदे इकले, हे न्हाय इकले.

दत्ता : मग हे अळू न्या. आईनंच लावलेलं, अजून येतं. गेल्या पावसात वाडीत पाणी साचलं होतं तरी आलं.

ठमाबाई : खाज?

दत्ता : नाही. तशीच आहे.

ठमाबाई : ह्या समद्या गाड्या कुनाच्या?

दत्ता : निम्म्या तुमच्या कोळीवाड्यातल्या. त्या शिमग्यानंतर पहिला कोण आला माहीत आहे? मितेश. स्वतःची गाडी घेऊन. तोंड एवढंसं करून. म्हणाला, दत्तादादा, मला वायरिंग जमत नाही. म्हटलं, ते मला आधीपासून माहीत आहे.

ठमाबाई : हात लावनार न्हाय म्हनला होता मेला.

दत्ता : होळीपुढं काय बोलले हो नाखवा? मला कुणी नीट सांगितलंच नाही. मी आलो नव्हतो.

ठमाबाई : काय बोलनार? हातात नारळ होता. म्हनले, दत्ताच्या वायरीनं न्हाय, माज्या डांबरानं. एवडंच. परत म्हनले, ऐकू न आलेल्यांसाटी. मग नारळ टाकला. त्या साली होळीभोवती कोन नाचलं न्हाय. पोरांनी बोंबबी मारली न्हाय. लाकडं जळायचा नुसता आवाज. मी एवड्या होळ्या बघितल्या, तशी होळी बघितली न्हाय.

दत्ता : त्यानंतर बोटीला कधी हात लावला का त्यांनी?

ठमाबाई : बोट घेऊन जायचे, पन कापूस पिळला न्हाय परत. फटी बुजवायला दुसरा मानूस बोलवायचे नि आपन तोंड फिरवून बसायचे. मग बोट पुतन्याला देऊन टाकली. त्याला फायबरची पायजे होती, त्यानं मोडली ती.

दत्ता : आणि तुम्ही?

ठमाबाई : मी काय? जेवन वाडत होते. कपडे धुत होते. दुखनं आलं तवा डाक्टरकडं नेत होते.

दत्ता : बोलत होतात?

ठमाबाई : न्हाय.

दत्ता : एकदाही नाही?

ठमाबाई : गेले त्या सकाळी इचारलं, पानी देऊ? व्हय म्हनले. प्याले. एवडं बोलनं झालं आमचं.

दत्ता : सुचिता परवा येऊन गेली गाडी दाखवायला. कपलर उघडून बघितला, साफ आहे. म्हणत होती, पनवेलचं स्थळ आलंय.

ठमाबाई : तिनं त्यांना सांगून ठेवलंय, गाडी घेऊनच येनार, न्हायतर येनार न्हाय. अजून होकार न्हाय आला. बगू. तोवर ती रोज जाते, रोज येते.

दत्ता : रात्रपाळी नाही ना?

ठमाबाई : न्हाय. अंधार पडताना येते. ते होते तवा उंबऱ्यावर बसून ऱ्हायचे. देवळाच्या वळनावर तिची लाइट दिसली की उठून आत यायचे. तिच्याशी काय बोलायचे न्हायत, नुसती लाइट बगायचे नि उठायचे. मी चुलीपाशी पाठ करून बसलेली. त्यांच्या उठन्यावरनं मला कळायचं, पोरगी आली.

दत्ता : आणि आता कसं कळतं?

ठमाबाई : आता मी बसते.